एकशे तेरावी ओळ

दार लोटून घ्या रे, पण कडी नका लावू. वीज येईपर्यंत डोळ्यांची आखणी काही होणार नाही, आणि मेणबत्तीच्या उजेडात गणपतीचे डोळे आखायला बसलात तर उद्या मालक माझ्यावर डोळे वटारतील. नाथा, तो रंगाचा डबा झाक, साय धरेल. आणि कान्हू, तू दाराकडे पाठ करून का बसलायस? बस, बस. मी आपलं सहज विचारलं.

बत्तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. पेण-रोहा, रोहा-पेण. वस्तीच्या गाडीला भुताच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की मोजायला बसलो तर सकाळ होईल, आणि त्यातल्या निम्म्या दारूच्या होत्या. ही तशी नाही. ही आपल्या नासिरची आहे. स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तोच. तुम्ही मोबाईलला काच लावायला त्याच्याकडे जाता आणि वीस रुपयांसाठी घासाघीस करता. आठ वर्षं सौदीत, दम्मामला काढून आलेला माणूस, चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. त्याने मला ही गोष्ट एकदाच सांगितली. सांगताना सगळा वेळ शर्टाच्या खिशावर हात धरून होता. नंतर मी विषय काढला की तो क्रिकेटवर घसरतो. तुम्ही विचारायला जाऊ नका, उगाच दुकानातून हाकलून देईल.

तारीख सांगतो. एकवीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, शुक्रवार. महाशिवरात्रीच्या आधीचा. म्हणजे काळोखाची रात्र, चंद्र उगवायचा तो मध्यरात्र उलटून गेल्यावर.

त्या आठवड्यात नासिरला दीनाचा फोन आला. दीना म्हणजे सॅम्युएल सरांची मुलगी, लग्न झाल्यापासून इस्रायलला असते. सर जाऊन तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं. दीना म्हणाली, आई रविवारी पहाटे निघतेय, कायमची इकडे येतेय. बाबांचा लॅपटॉप चालू होत नाही. त्यात एक यादी आहे, ती काढून दे. शुक्रवारी सकाळी जा, म्हणाली. सकाळी जा, हे दोनदा म्हणाली.

सर रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. नासिर त्यांचा विद्यार्थी, आणि पलीकडच्या आळीतला शेजारीही. रोह्याच्या अलीकडचं गाव, नाव सांगत नाही, तिथे अजून नातेवाईक आहेत. शाळेने भंगारात काढलेले चार कॉम्प्युटर सरांनी स्वतः उचलून आणले आणि त्यांच्यावर ती फुकटात मिळणारी, सगळ्यांसाठी खुली असलेली सिस्टीम घालून चालवले. पोरांना म्हणायचे, चोरून आणलेली महागडी वापरण्यापेक्षा कुणी प्रेमाने दिलेली वापरा, मान ताठ राहते. नासिर दम्मामला निघाला तेव्हा सरांनी त्याच्या हातात एक पेनड्राईव्ह ठेवला. काळा, लांबडा, कडेला बारीकसं बटण. बटण खाली सरकवलं की त्याला कुलूप लागलं. त्यातलं वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. नासिर ती सिस्टीम अधूनमधून नवी करून घेतो, पण पेनड्राईव्ह तोच ठेवलाय. पोट त्याच्यावर चालतं त्याचं.

आता हा पेनड्राईव्ह काय करतो ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. कॉम्प्युटरची आतली डिस्क आजारी पडली की मशीन उठत नाही. मग हा लावायचा. याच्यात अख्खी सिस्टीम आहे, मशीन तिच्यावर उठतं आणि विचारतं, नुसतं वापरून बघायचंय की कायमचं बसवायचंय? नासिर नेहमी वापरून बघायचंय म्हणतो. बसवलं तर आधीचं सगळं पुसलं जाईल ना. मग हळूच आजारी डिस्कमध्ये डोकवायचं आणि गिऱ्हाइकाचे फोटो, कागद जे काय असेल ते बाहेर काढायचं. काम झालं, मशीन बंद केलं, की ती सिस्टीम सगळं विसरते. काय उघडलं, काय लिहिलं, काही म्हणून ठेवत नाही. पुन्हा लावली की पाटी कोरी. पडद्यावर दोनच चित्रं असतात, एक कचऱ्याच्या डब्याचं आणि एक बसवून घ्या म्हणणारं. दोनच. एवढं लक्षात ठेवा.

सरांचं घर बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. आपल्याकडे जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. शुक्रवारी दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा विसावा. विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही. सर तर शनिवारी शाळेच्या रजेचा अर्जही लिहायचे नाहीत, तो गुरुवारीच देऊन ठेवायचे. आणि दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं, तर तेही आपणच केल्यासारखं. त्यामुळे शुक्रवारी काळोख पडला की सर ओटीवर येऊन उभे राहायचे आणि कुणाकडेही न बघता म्हणायचे, "नासिर, माजघरात अंधार झालाय रे."

बस्स. दिवा लाव, असं आयुष्यात कधी म्हणाले नाहीत.

सात वर्षांचा नासिर धावत यायचा आणि माजघरातलं बटण दाबून जायचा. कधी सर म्हणायचे, न्हाणीघरात अंधार झालाय. मग न्हाणीघरातलं. दुसऱ्या दिवशी तारे निघाले की तामारमावशी, सरांची बायको, त्याच्या हातावर नारळाच्या रसातल्या हलव्याची वडी ठेवायची. तीही त्याने कधी मागितली नाही. दोन्हीकडून असंच चालायचं, न बोलता.

आणि यादी कसली, तर दफनभूमीची. घराच्या मागे पायवाट जाते, तिच्या टोकाला त्यांच्या लोकांची जुनी दफनभूमी आहे. माणसं परदेशी गेली, दगडांवरची अक्षरं पुसली. सर निवृत्त झाल्यावर रोज सकाळी काठी टेकत रांगा मोजायचे. कोण कुठे आहे ते आठवून, विचारून, लॅपटॉपवर लिहायचे. कारण सांगतो. त्याच जागेत तामारमावशीचं पहिलं पोर होतं. मुलगा. तीन दिवस जगला. त्यांच्यात मुलाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, तोवर पोर राहिलंच नाही. मावशी बाळंतिणीच्या खोलीत, आणि सरांनी त्याला एकट्याने नेऊन ठेवलं. कुठे, ते सरांनी सांगितलं नाही आणि मावशीने विचारलं नाही. पन्नास वर्षं! एका ताटात जेवल्यासारखा संसार केला दोघांनी, पण तेवढं एक बोलले नाहीत. शेवटच्या दुखण्यात सर म्हणाले, सगळं लिहून ठेवतोय, त्यात आहे. आणि गेले. लॅपटॉप कपाटात पडून राहिला.

आता मावशी कायमची चालली होती. जाण्याआधी त्या जागेला एकदा हात लावायचा, बाकी तिला काही नको होतं.

नासिर सकाळीच निघणार होता. पण दुकान उघडलं आणि एका वकिलाचा प्रिंटर आला, मग कुणाचं काय, कुणाचं काय. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं. चार वाजता मोटरसायकलला किक मारली तर वडखळच्या नाक्यावर ही अशी रांग. अलिबागला सुट्टीला निघालेल्या गाड्या. नागोठण्याहून आत वळून भिसे खिंडीत पोचला तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आज शुक्रवार. ज्या घरात लहानपणी दर शुक्रवारी काळोख कधी पडतो याची वाट बघितली, त्या घरी आपण काळोख पडल्यावर पोचणार. त्याने गाडी पळवली, पण दिवस काय कुणासाठी थांबतो?

सात वाजायला दहा मिनिटं होती. ओटीवर तेलाचे दोन दिवे लागलेले. तामारमावशी दिव्यांपाशी भिंतीला टेकून बसली होती. माजघरात दोन बॅगा बांधून ठेवलेल्या आणि भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन.

"उशीर केलास रे पोरा," मावशी म्हणाली. रागावली नव्हती, आणि तेच नासिरला जास्त लागलं.

"मावशी, वडखळला गाड्या अडकल्या व्हत्या. आता करतो ना, अर्ध्या तासाचं काम हाय."

"दिवे लागले नासिर. उद्या तारे निघाल्यावर ये."

"येईन की. पण त्या डिस्कचा भरवसा नाय. वर्षभर पडून हाय. एकेक दिवस महत्त्वाचा असतो तिला."

मावशी दिव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कर म्हणनार नाय. नको पन म्हणनार नाय. तुला ठाव हाय आमचं."

नासिरला ठाऊक होतं. तो आत गेला.

मागच्या खोलीत सरांचं टेबल होतं. दिवा आधीच लावून ठेवलेला, दुपारीच. लॅपटॉपची बॅटरी फुगली होती, ती त्याने काढून खिडकीत ठेवली आणि मशीन थेट चार्जरवर जोडलं. काळा पेनड्राईव्ह लावला. कडेचं बटण खाली आहे ना, ते बोटाने चाचपून बघितलं. मशीन उठलं. वापरून बघायचंय, त्याने सांगितलं. कोरा पडदा आला, दोन चित्रं.

डिस्क बोलत होती. टक... टक... टक. कॉम्प्युटरवाल्यांना हा आवाज कळतो. डॉक्टरला छातीतला कळतो तसा. फार वेळ नव्हता तिच्याकडे.

'दफनभूमी' नावाची फाईल सापडली. उघडली. पहिलं नाव, दुसरं नाव, रांग, खूण. आंब्यापासून चार पावलं. गडग्याला लागून. कुणाचा तेलाचा घाणा होता, कुणी मुंबईला गिरणीत होतं, तेही लिहिलेलं. सरांचं गणितासारखं आखीव लिहिणं. नासिर सरकत खाली गेला. शंभर. एकशे दहा. एकशे बारा.

एकशे तेरा.

आणि पुढे काही नाही. आकडा लिहून जागा मोकळी सोडलेली. नाव नाही, रांग नाही, खूण नाही. सरांनी आकडा लिहिला आणि हात थांबला, हे नासिरला दिसल्यासारखं कळलं. नावांची यादी, आणि त्या पोराला नावच नव्हतं. काय लिहिणार होते सर? बाहेर ओटीवर बसलेल्या त्या म्हातारीला जाऊन काय सांगायचं? तुझी ओळ आहे मावशी, पण रिकामी आहे?

निदान बाकीची यादी तरी वाचवावी म्हणून त्याने दुसरा पेनड्राईव्ह जोडला आणि कॉपी सुरू केली. पट्टी पुढे सरकेना. सात अठ्ठेचाळीस झाले होते.

आणि वीज गेली.

अख्ख्या आळीची गेली. पडदा विझला. बॅटरी खिडकीत, मशीन जागच्या जागी मेलं. नासिर खुर्चीत तसाच बसला. त्याला वाटलं, सर रागावले. शुक्रवारी काळोख पडल्यावर त्यांच्या टेबलावर बसून आपण हे करायला नको होतं.

टक... टक... टक...

डिस्कचा आवाज चालूच होता.

नासिरने दोन क्षण तो ऐकला. मग त्याच्या मानेवर काटा आला. मशीनला वीज नाही. डिस्क फिरणार कशी?

त्याने लॅपटॉपवर हात ठेवला. थंड. आत काहीच हलत नव्हतं.

टक... टक...

आवाज टेबलावरून येत नव्हता. मागच्या दारातून येत होता. बाहेरून. आणि आता तो नीट कळत होता.

ठक.

जमिनीवर काठी टेकल्याचा.

ठक.

नासिर उठला नाही. उठवेना. ओटीवरच्या दिव्यांचा उजेड माजघरापर्यंतच येत होता, मागच्या खोलीत यायचा नाही. मागचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर... काही नाही. नुसता काळोख. रातकिडेसुद्धा गप्प.

मग...

"नासिर."

हळू. थकलेला आवाज. ओळखीचा.

नासिरला दारापाशी जायचं नव्हतं. पाय गेले. तो म्हणतो, माझे पाय गेले, मी नाही गेलो.

"फणसाखाली... अंधार झालाय रे."

(कान्हू, इकडे सरक हवं तर. लाजू नको.)

दफनभूमीत फणस एकच आहे. नासिरने मोबाईल खिशातून काढला. दिवा लावला नाही. का, ते त्याला सांगता येत नाही. पायवाट पायाखालची होती, लहानपणी शेकडो वेळा तुडवलेली. पुढे ठक. दहा पावलं गेलं की पुन्हा ठक. तो थांबला की आवाज थांबायचा. तो चालला की...

दगड रचून केलेला गडगा आला. त्यातली फट आली. दगड पायाला लागायला लागले. एक रांग. दुसरी.

तिसरी.

ठक थांबलं.

वर काही तरी मोठं, दाट, आभाळ झाकणारं. फणस. खाली इतका काळोख की स्वतःचा हात दिसेना.

कुणी बोललं नाही. कुणी काही मागितलं नाही. पण नासिरला कळलं, आपण इथे कशाला आलोय. सात वर्षांचा असताना ज्यासाठी यायचा, त्याचसाठी.

त्याने मोबाईलचं बटण दाबलं.

उजेड मुळांवर पडला. दोन मुळांच्या बेचक्यात एक दगड होता. चपटा, पाटीएवढा, नदीतून उचलून आणल्यासारखा गुळगुळीत. त्यावर एक अक्षर नाही. पालापाचोळा मात्र त्याच्याभोवती होता, त्याच्यावर नव्हता.

आणि नासिरच्या मागे, अगदी कानाजवळ...

कुणी तरी श्वास सोडला. खूप दिवस धरून ठेवलेला असावा, तसा.

नासिर पळाला. एक चप्पल तिथेच राहिली. ती त्याने परत आणली नाही, दुसऱ्या दिवशी उजेडातही नाही.

घरात पोचतो तर वीज आलेली. मावशी ओटीवर तशीच बसलेली, दिवे तसेच. नासिर खांबाला धरून उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"मावशी, तू हाक मारलीस मला?"

"मी? नाय." तिने त्याच्या अनवाणी पायाकडे बघितलं. "तू कुणाशी बोलत व्हतास मगाशी? व्हय सर, व्हय सर म्हणालास दोनदा."

नासिरला आपण बोललो हेच माहीत नव्हतं.

त्याने मागच्या खोलीत जाऊन मशीन पुन्हा लावून बघितलं. पेनड्राईव्हवरून उठलं ते, पण आतली डिस्क काही केल्या दिसेना. संपली होती. दुसऱ्या पेनड्राईव्हवर काही उतरलं नव्हतं. आणि काळा तर, तुम्हाला सांगितलंच, काही ठेवतच नाही. कोरा पडदा, दोन चित्रं. सरांनी काठी टेकत जमवलेली एकशे बारा माणसं गेली, आणि ती रिकामी ओळही गेली. नासिरने काळा पेनड्राईव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि बाहेर येऊन मावशीला खरं ते सांगितलं. यादी हातची गेली. उशीर माझा झाला.

आणि मग त्याला राहवेना.

"मावशी, तिसऱ्या रांगेत, फणसाखाली एक दगड हाय. चपटा."

तुला कसं कळलं, असं तिने विचारलं नाही. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "उद्या," म्हणाली. "तारे निघाल्यावर."

त्या रात्री नासिर रोह्याला बहिणीकडे, हमिदाकडे राहिला. झोपला नाही. शनिवारचा दिवस त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. हमिदाने जेवायला वाढलं तर भाकरी हातात घेऊन बसून राहिला. डोळ्यांपुढे ती मोकळी ओळ. कपडे तेच, कालचेच. खिशात पेनड्राईव्ह, त्याला हातही लावला नाही. संध्याकाळी ओटीवर मावशीच्या शेजारी बसून आभाळाकडे बघत राहिला. सव्वासात वाजता मावशीने तीन बोटं वर केली. तीन तारे.

दोघं मागच्या पायवाटेने गेले. मावशीच्या गुडघ्यांमुळे वेळ लागला. फणसाखाली नासिरने मोबाईलचा दिवा दगडावर धरला. तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा टॅक्सीवाला, कोलाडहून. नासिरने तो कापला आणि चार पावलं मागे सरून उभा राहिला. अशा वेळी माणसाने जवळ उभं राहू नये. मावशी वाकली, दोन्ही हात दगडावर ठेवले. काहीतरी पुटपुटली. नासिरला ऐकू आलं नाही, त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मग तिने त्यांच्या रिवाजाप्रमाणे कमरेच्या पिशवीतून एक छोटा खडा काढून त्या दगडावर ठेवला.

परत येताना तिने एकदाच विचारलं, "हाच असंल ना रे?"

नासिर काय सांगणार? आवाज ऐकला म्हणून सांगू? रात्रीचे भास म्हणून सांगू? त्याला व्हय म्हणायचं होतं, पण खोटं बोलण्याची भीती वाटली. त्याने नुसता मोबाईलचा उजेड तिच्या पायांपुढे धरला. रविवारी पहाटे त्याने बॅगा टॅक्सीत चढवल्या. मावशीने खिडकीतून त्याचा हात धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. तो घेऊन ती विमानात बसली. नासिर म्हणतो, काका, मला त्या आवाजाची भीती नंतर कधी वाटली नाही. तिच्या त्या बघण्याने मात्र मला झोप लागेना.

सोमवारी दुकान उघडलं. एका कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप आला होता, उठत नव्हता. रोजचंच काम. नासिरने खिशातून काळा पेनड्राईव्ह काढला, बटण चाचपलं. खाली होतं, कुलूप लागलेलं. लावला. मशीन उठलं. वापरून बघायचंय, त्याने सांगितलं.

पडदा आला.

पडद्यावर तीन चित्रं होती.

कचऱ्याचा डबा. बसवून घ्या. आणि एक फाईल. 'दफनभूमी'.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मुलीला म्हणाला, उद्या ये. मग बसला. फाईल उघडायला त्याला एक चहा होईल एवढा वेळ लागला.

सगळी होती. पहिलं नाव, दुसरं नाव, आंब्यापासून चार पावलं. गडग्याला लागून. एकशे दहा, एकशे बारा. त्याने पुढे वाचलं. मग फाईल कधी लिहिली गेली ते बघितलं. मग फोन उचलला.

दीनाने फोन आईला दिला.

"मावशी, सरांची यादी सापडली."

"बरं झालं रे."

"एकशे तेरावी ओळ भरलेली हाय. वाचू?"

नासिरने वाचलं.

"जोशुआ. तीन दिवसांचा. तिसरी रांग, फणसाखाली, चपटा दगड."

मग मावशी अगदी हळू म्हणाली, "काय नाव म्हणालास?"

"जोशुआ."

"ते नाव मी कुणाला सांगितलेलं नाय. यांना पन नाय." तिचा श्वास ऐकू येत होता. "पोटात व्हता तवा मनात ठेवलेलं. आठव्या दिवशी सांगनार व्हते."

नासिरने फाईलची तारीख पुन्हा एकदा बघितली.

"कवा लिहिलंय रे ते?"

"शनिवारी," नासिर म्हणाला. "संध्याकाळी सात एकतीसला."

हे सांगताना त्याने मोबाईलवर तो टॅक्सीवाल्याचा कापलेला फोन शोधून काढला होता. सात एकतीस. पेनड्राईव्ह तेव्हा कुठल्याच मशीनला जोडलेला नव्हता. त्याच्या खिशात होता, फणसाखाली.

"तवाच," मावशी म्हणाली. "तवाच मी दगडाला हात लावून त्याचं नाव घेतलं. पयल्यांदा."

मग तिचा आवाज आला, शांत. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच एवढा शांत.

"आन तारे निघाले व्हते ना रे. त्याच्या आधी ते लिहिनार नाय."